जूनमध्ये परतणारी भीती

कोकणात शाळा उघडते तेव्हा बहुधा पाऊसही सुरू झालेला असतो. मे महिन्यात दिवसभर आंब्याखाली हुंदडणारे सात-आठ वर्षांचे मूल जूनच्या मध्यावर दप्तर भरताना पोट धरून बसते, मळमळते म्हणते, आणि शाळेची वेळ टळून गेली की तासाभरात तेच मूल भाकरी मागते. कोणी याला नाटक म्हणते, कोणी लाडांचा परिणाम म्हणते, आणि आजी मीठ-मोहरी ओवाळून टाकते. या तिन्ही निदानांतून निसटते ती गोष्ट अशी की मुलाचे पोट खरोखर दुखत असते आणि त्यामागच्या पावसाच्या भीतीची यंत्रणा विज्ञानाला बरीचशी उलगडलेली आहे. ती समजून घेतली नाही, तर प्राथमिक शाळेतील समुपदेशक म्हणजे रडणाऱ्या मुलाला चार गोड शब्द सांगून वर्गात पाठवणारी व्यक्ती, हा समज कायम राहतो.

धोक्याची चाहूल लागली की मेंदूतील अमिग्डाला हा भाग हायपोथॅलॅमस या शरीराचा कारभार सांभाळणाऱ्या भागाला इशारा देतो आणि शरीर दोन मार्गांनी सज्ज होते. मज्जातंतूंच्या मार्गाने काही सेकंदांतच ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, ठोके वाढतात आणि पचनसंस्थेकडे जाणारे रक्त स्नायूंकडे वळते. दुसरा मार्ग संथ आहे; त्यात पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी शिगेला पोहोचते. पोटातली कळ आणि मळमळ ही याच सज्जतेची लक्षणे असू शकतात. पोटदुखीचे शारीरिक कारण नाही याची खात्री आधी डॉक्टरांकडून करून घ्यावी, हे अर्थातच आले.

पण भीती पावसाचीच का? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा रात्री जागवलेल्या मुलाच्या मेंदूत पत्र्यावर वाजणारी सर, गेलेली वीज आणि मोठ्यांचे घाबरलेले आवाज यांची धोक्याशी गाठ बसते. प्रसंग स्वतः अनुभवला पाहिजे असेही नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांच्या प्रयोगांत, सापाला न घाबरणारी माकडे घाबरलेल्या माकडांना नुसते पाहूनच सापाला घाबरू लागली होती. नंतरच्या पावसाळ्यात मूल घरापासून दूर, वर्गात असताना सर कोसळते, भीती उसळते, आणि दुसऱ्या दिवशी ते घरीच राहते. घरी राहताच भीती ओसरते. ही सुटका हेच बक्षीस ठरते, त्यामुळे शाळा टाळण्याची सवय प्रत्येक वेळी थोडी घट्ट होते, आणि पाऊस पडूनही वर्गात काही वाईट घडत नाही हे शिकण्याची संधी मात्र मेंदूला कधीच मिळत नाही.

ही संधी कशी द्यावी, याचा एक जुना दाखला १९२४ सालचा आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचे खाणे देत ससा हळूहळू जवळ आणला, आणि अखेरीस तो मुलगा सशाशी खेळू लागला. भीतीच्या संकेतामागून धोका आला नाही की भीतीचा प्रतिसाद कमी होत जातो. मानसशास्त्रात याला विलोपन म्हणतात. समुपदेशनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. पाटीवरची अक्षरे पुसावीत तशी जुनी भीती पुसली जाते असे आपल्याला वाटते, पण तसे घडत नाही. विलोपनात मेंदू दुसरी, नवी गोष्ट शिकतो. ललाटखंडाच्या, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागाच्या, आतल्या, मध्यरेषेजवळच्या भागातून अमिग्डालाकडे संदेश जातात, तेथील चेतापेशींचे छोटे पुंजके गाबा या रसायनाद्वारे भीतीचा बाहेर पडणारा आदेश दाबून धरतात, आणि मूळ जोडणी बहुतांशी शिल्लकच राहते. आदेश कधी दाबायचा यासाठी लागणारी स्थळाची व परिस्थितीची माहिती हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग पुरवतो. म्हणूनच या दोन आठवणींत एक विलक्षण विषमता आहे: भीती सहज कुठेही पसरते, तर सुरक्षिततेची शिकवण ती जिथे मिळाली त्या परिस्थितीला चिकटून राहते.

मधे काळ गेला की दबलेला प्रतिसाद आपोआप परततो, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पावलोव्ह यांनीच पाहिले होते. पुढे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्यूटन यांच्या प्रयोगांनी दाखवले की एका ठिकाणी जडलेली भीती दुसऱ्या ठिकाणी घालवली, तर मूळ परिस्थितीत प्राण्याला नेताच ती पुन्हा उसळते. आता कोकणातले वर्ष डोळ्यांसमोर आणावे. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो, मूल रोज शाळेत येते, स्नेहसंमेलनात नाचते, आणि मार्चमध्ये सर्वांना वाटते की प्रश्न सुटला. ती सारी शिकवण कोरड्या हवेतली असते. जूनमध्ये काळाचे अंतर आणि मूळ परिस्थिती या दोन्ही गोष्टी एकदमच हजर होतात, आणि भीती परतते. हा मुलाचा हट्ट नव्हे आणि आधीच्या समुपदेशनाचे अपयशही नव्हे.

समुपदेशकाचे खरे कौशल्य या यंत्रणेला धरून अनुभवांची आखणी करण्यात आहे. पहिल्या दिवशी रिमझिम पावसात व्हरांड्यात दहा मिनिटे, मग परिपाठापुरते, मग खिचडीच्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. कधी वर्गात, कधी मैदानाकडच्या पडवीत, कधी बाईंबरोबर आणि कधी मित्रांबरोबर. प्रत्येक वेळी आधी मुलाला विचारायचे की आज काय होईल असे वाटते, आणि नंतर विचारायचे की प्रत्यक्षात काय झाले. अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत ठळक झाली की मेंदू अधिक शिकतो. आई वर्गाबाहेर बसून राहिली तर सुरुवातीला धीर मिळतो, पण ‘आई होती म्हणून काही झाले नाही’ असाच धडा मनात बसण्याची शक्यता असते. त्यामुळे तिचे आणि पुढे स्वतः समुपदेशकाचेही सोबत असणे टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते.

या साऱ्याला एक कठोर अट आहे: धोका खरोखर नसला पाहिजे. भरून वाहणाऱ्या पऱ्यावरच्या (ओढ्यावरच्या) मोडक्या साकवाला (लहान पुलाला) घाबरणारे मूल बरोबर आहे. तिथे मुलाची तयारी करून घ्यायची नसून साकव दुरुस्त करायचा असतो. वर्गात मार बसत असेल, वरच्या वर्गातली मुले छळत असतील किंवा अक्षरे न जुळल्यामुळे रोज हसे होत असेल, तर पावसाचे निमित्त करून मूल दुसरेच काही सांगत असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केलेली आहे. कारणाचा शोध म्हणूनच आधी घ्यायचा. मुलाच्या चित्रातील काळ्या रंगावरून निदान करणारे किंवा बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारे पैसे घेऊन अहवाल देतात. त्याला वैज्ञानिक आधार नाही. आजीच्या दृष्ट काढण्याने कोणाला इजा होत नाही, पण तिथून पुढे ‘बाहेरचे’ म्हणून मुलाला मांत्रिकाकडे नेले जाते तेव्हा शिकण्याचे मोलाचे आठवडे वाया जातात, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेले आहेत. समुपदेशकाचे पद त्यात नाही. वाडीवाडीवरच्या लहान शाळांना स्वतंत्र समुपदेशक मिळणे अवघड आहे, हे मान्य करूनही एका केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, सर्व शाळांसाठी एक प्रशिक्षित व्यक्ती असावी आणि रोजची आखणी तिच्या देखरेखीखाली वर्गशिक्षकांनी चालवावी, ही मागणी अवास्तव नाही. अशी व्यक्ती जिथे असेल तिथे तिने मुलाची नोंद मार्चअखेर बंद करू नये. तपासणीची पुढची तारीख जूनमधली असावी, आणि शाळा सुरू होण्याआधीच पालकांना सांगून ठेवावे की पहिल्या मोठ्या सरीबरोबर पोटदुखी परतू शकते, तेव्हा मुलाला घरी न ठेवता थोड्या वेळासाठी का होईना, शाळेत आणावे.