मूत्रपिंड कर्करोग, प्रगत : नव्या उपचारांचा वापर

मूत्रपिंडातून फुप्फुसे, हाडे, यकृत वा मेंदूत पसरलेला, किंवा शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढता न येणारा कर्करोग. यांतील बहुसंख्य अर्बुदे (गाठी) क्लिअर सेल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्वच्छ दिसणाऱ्या प्रकारची असतात.

अर्बुदाच्या उगमाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पाउल ग्राविट्स या जर्मन विकृतिवैज्ञानिकाने १८८३ मध्ये ही अर्बुदे मूत्रपिंडात अडकून राहिलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरील ग्रंथी) ऊतकापासून होतात, असे मत मांडले. पेशींत साठलेल्या मेदामुळे दोहोंत साम्य दिसते खरे. या मतावरून पडलेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव कल्पना मागे पडल्यावरही टिकून राहिले. १९६० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणांनी वृक्कनलिकेच्या (मूत्रपिंडातील सूक्ष्म नळी) पेशींकडे बोट दाखवले. आज तेच मत ग्राह्य आहे. उपचारांना दिशा मिळाली ती मात्र १९९३ मध्ये ओळखल्या गेलेल्या व्हीएचएल जनुकामुळे. तो निकामी झाला की ऑक्सिजनच्या कमतरतेला प्रतिसाद देणारी एचआयएफ प्रथिने साचतात, रक्तवाहिन्या वाढवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन वाढते आणि अर्बुदाला नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

रूढ केमोथेरपीला हा रोग फारशी दाद देत नाही. प्रतिकारशक्तीला चालना देणारे इंटरल्यूकिन-२ मोजक्याच रुग्णांना मानवे. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी सोराफेनिब (२००५) व सुनिटिनिब (२००६), पुढे निवोलुमॅब (२०१५) हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारे औषध आणि २०१८ पासून इम्युनोथेरपीचे जोड-उपचार (दोन औषधे एकत्र) आले (वर्षे अमेरिकेतील मान्यतेची).

या औषधांच्या चाचण्यांतून मेंदूत पसरलेला रोग असलेले व अशक्त रुग्ण बहुधा वगळले जातात. दवाखान्यात मात्र तेही येतात. त्यामुळे चाचणीतील आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. सुनिटिनिबचे मूळ वेळापत्रक चार आठवडे गोळ्या व दोन आठवडे विश्रांती असे होते. थकवा आणि हातापायांची सोलवटणारी त्वचा पाहून अनेक डॉक्टर दोन आठवडे गोळ्या, एक आठवडा विश्रांती या क्रमाकडे वळले. इम्युनोथेरपीत थायरॉइड, आतडे, यकृत वा फुप्फुसांचा दाह उपचार थांबल्यानंतरही उद्भवू शकतो.

रोग पसरलेला असताना आधी मूत्रपिंड काढावे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. इंटरफेरॉन या जुन्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधाच्या काळात शस्त्रक्रियेचा लाभ दिसला होता. २०१८ च्या कार्मेना या ४५० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना केवळ सुनिटिनिब, तर उरलेल्यांना आधी शस्त्रक्रिया व मग सुनिटिनिब दिले गेले; जगण्याच्या काळात पहिला गट दुसऱ्याच्या मागे पडला नाही. मात्र त्यात जास्त जोखमीचे रुग्ण बरेच होते, आणि आजचे जोड-उपचार तपासलेले नव्हते. मध्यम वा अधिक जोखमीच्या रुग्णांत आधी औषधे देणे सयुक्तिक दिसते.

क्लिअर सेलखेरीज इतर प्रकारांबाबत पुरावा तुटपुंजा आहे. पॅपिलरी (बोटांसारखे उंचवटे असलेल्या) प्रकारात कॅबोझँटिनिब या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळीने सुनिटिनिबपेक्षा रोगाची वाढ अधिक काळ रोखल्याचे २०२१ मध्ये दिसून आले.