लॅपरोस्कोपीची कॅडेव्हर कार्यशाळा: अर्ज कोणी करावा, कागदपत्रं कोणती लागतात

लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, पोटावरच्या लहान छिद्रात बसवलेल्या नळीपाशी (पोर्टपाशी) उपकरण टेकतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. त्यात पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. हा सराव बॉक्स ट्रेनर या सरावाच्या पेटीवर होतो. पण पोटाच्या पोकळीत न शिरता होणाऱ्या हर्नियाच्या टीईपी शस्त्रक्रियेत पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला, भोक न पाडता त्याच्या पुढची जागा कशी मोकळी करायची, हे दान केलेल्या देहावर शिकण्यासारखं दुसरं काही नाही. म्हणूनच अशा देहावरच्या (कॅडेव्हर) कार्यशाळेतल्या जागा मोजक्या असतात आणि अर्ज बारकाईने तपासले जातात.

जनरल सर्जरी, स्त्रीरोग किंवा युरोलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेले किंवा ते घेत असलेले डॉक्टर साधारणपणे पात्र ठरतात. प्रगत अभ्यासक्रमासाठी बहुधा आधी केलेल्या शस्त्रक्रियांची लॉगबुक मागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की शरीराच्या आत टाका घालून गाठ मारता येईपर्यंत अर्जच करू नका. देहावरचे मोलाचे तास गाठी शिकण्यात घालवणं दात्यावर अन्याय आहे.

अर्जासोबत पदवी प्रमाणपत्र, वैद्यकीय परिषदेची चालू नोंदणी आणि फोटो ओळखपत्र लागतं. निवासी डॉक्टरांना विभागप्रमुखांचं पत्रही जोडावं लागतं. हिपॅटायटिस बी लसीकरणाचा दाखला बऱ्याच ठिकाणी मागतात आणि अनेकांचा अर्ज तिथेच अडतो. ताज्या गोठवलेल्या देहावर रासायनिक प्रक्रिया झालेली नसते आणि गोठवल्याने विषाणू मरतातच असं नाही. लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला साधारण सहा महिने लागतात, तेव्हा दाखल्याची तयारी आधीच करा. फोटो न काढण्याचं आणि दात्याची ओळख गुप्त ठेवण्याचं हमीपत्रही सही करून द्यावं लागतं.

शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. एका टेबलावर किती जण असतील? पाच-सहा असतील तर तुमचा बराच वेळ कॅमेरा धरण्यात जाईल. आणि देह कसा जतन केला आहे? फॉर्मालिन या जतनाच्या रसायनामुळे पोटाची भिंत इतकी ताठ होते, की वायू भरूनही ती नीट फुगत नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी 1992 मध्ये मांडलेल्या पद्धतीत ऊती लवचिक राहतात. ताजा गोठवलेला देह जिवंत ऊतींच्या सर्वांत जवळ जातो, पण तो फार तास टिकत नाही. रक्तस्राव थांबवणं मात्र यांपैकी कशावरही खऱ्या अर्थाने शिकता येत नाही.

जागा पक्की झाल्यावर ऐनवेळी माघार घेऊ नका. देह वितळायला आधीच बाहेर काढलेला असतो आणि पुन्हा गोठवला की ऊती बिघडतात. शेवटी मिळतं ते सहभागाचं प्रमाणपत्र. त्यावर एकट्याने शस्त्रक्रिया करण्याची परवानगी मिळत नाही, त्यामुळे परतल्यावर लगेच वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायच्या केसेस ठरवून घ्या.