‘स्पॅम’ हा शब्द आला कोठून?

कोणीही मागितलेले नसताना एकाच मजकुराचे घाऊक संख्येने पाठवलेले संदेश म्हणजे स्पॅम, हा अर्थ आता इतका रुळला आहे की या शब्दाचे आधीचे आयुष्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्पॅम म्हटले की जाहिरात किंवा फसवणूक डोळ्यांसमोर येते. शब्दाच्या मुळाशी मात्र यांपैकी काहीच नाही. तेथे आहे ती एकाच गोष्टीची कंटाळा येईपर्यंत होणारी पुनरुक्ती.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचे गाव आहे. तेथील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डुकराच्या मांसाचा एक डबाबंद पदार्थ बाजारात आणला. त्याच्या नावासाठी स्पर्धा घेण्यात आली आणि ‘स्पॅम’ हे नाव सुचवणाऱ्याला शंभर डॉलरचे बक्षीस मिळाले. ‘स्पाइस्ड’ आणि ‘हॅम’, म्हणजे मसाला घातलेले डुकराचे मांस, या दोन शब्दांची टोके जोडून ते बनले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बंद डब्यातले हे मांस शीतपेटीशिवाय टिकत असल्यामुळे दुसऱ्या महायुद्धात ते दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला प्रचंड प्रमाणात पुरवले गेले. ब्रिटनमध्ये मांसावरील शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. ताज्या मांसाचा तुटवडा असलेल्या त्या वर्षांत हा डबा ब्रिटिश स्वयंपाकघरांत ठाण मांडून बसला. नाइलाजाने पुन्हा पुन्हा खावा लागणारा पदार्थ, ही त्याची तेथील प्रतिमा पुढच्या साऱ्या गोष्टीचा पाया आहे.

या प्रतिमेचा उपयोग विनोदकारांनी केला. १५ डिसेंबर १९७० रोजी बीबीसीवर ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या मालिकेत एक छोटे प्रहसन दाखवण्यात आले. एका उपाहारगृहात जोडपे येते, वाढपीण पदार्थांची यादी सांगू लागते आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो, काहींत तर दोनदा, तीनदा. गिऱ्हाईक बाईंना स्पॅम नको आहे. परंतु तो नसलेले काही मिळण्याची शक्यता दिसत नाही. भरीला शेजारच्या टेबलांवर बसलेले व्हायकिंग योद्धे त्याच शब्दाचे गाणे इतक्या जोरात म्हणू लागतात की बोलणाऱ्यांना एकमेकांचे ऐकूच येईनासे होते. नको असलेली वस्तू, तिच्यापासून सुटका नसणे आणि तिच्या गजरात खरे संभाषण बुडून जाणे, हे तिन्ही धागे या काही मिनिटांत आहेत. पदार्थाच्या चवीची येथे फारशी थट्टा नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

संगणकाच्या जगात हा शब्द आणला तो याच प्रहसनाच्या चाहत्यांनी. १९८०च्या दशकात केवळ मजकुरावर चालणारे, अनेकांनी एकाच वेळी खेळायचे खेळ आणि गप्पांच्या खोल्या लोकप्रिय होत होत्या. संथ जोडणी आणि लहान पडदा अशा परिस्थितीत एखाद्याने निरर्थक मजकुराचा भडिमार केला की बाकीच्यांचे बोलणे पडद्यावरून वर सरकून नाहीसे होई. काही जण तर प्रहसनातल्या गाण्याप्रमाणे ‘स्पॅम, स्पॅम, स्पॅम’ हाच शब्द टंकत राहत. अशा भडिमाराला स्पॅम म्हणण्याची रीत तेथे पडली.

नकोशा घाऊक संदेशांची प्रथा मात्र या शब्दाहून कितीतरी जुनी आहे. १८६४ साली लंडनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींच्या दारात रात्री तार येऊन थडकली. तारेत होती एका दंतवैद्यकीय दवाखान्याची जाहिरात, आणि त्याबद्दलची तक्रार वृत्तपत्रात छापून आली. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर नको असलेल्या संदेशांचा प्रश्न जॉन पोस्टेल यांनी १९७५ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडला होता. त्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द होता ‘जंक मेल’. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे पत्त्यांवर एकदम पाठवले. पत्ते इतके झाले की ठरलेल्या जागेत न मावता ते पत्राच्या मजकुरात सांडले. या पत्राला आज ‘पहिला स्पॅम’ म्हणतात, पण हा मान त्याला मागाहून मिळालेला आहे. त्या वेळी कोणीही त्याला या नावाने ओळखत नव्हते.

शब्द आणि प्रथा यांची गाठ पडली ती यूजनेटवर, म्हणजे संगणकावरून चालणाऱ्या विषयवार चर्चागटांच्या जाळ्यावर. ३१ मार्च १९९३ रोजी रिचर्ड डेप्यू यांनी अयोग्य मजकूर हटवण्यासाठी लिहिलेली आज्ञावली बिघडली आणि तिने एकाच चर्चागटात सुमारे दोनशे संदेश ओतले. उपद्रव रोखण्यासाठी केलेल्या साधनाने स्वतःच उपद्रव करावा आणि त्या प्रकाराला वाचकांनी स्पॅम म्हणावे, हा योगायोग मजेशीर आहे. त्यात काही विकायचे नव्हते. जानेवारी १९९४ मध्ये असंख्य गटांत टाकलेला, येशूच्या पुनरागमनाचा इशारा देणारा संदेशही व्यापारी नव्हताच. एप्रिल १९९४ मध्ये मात्र लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या ॲरिझोनातील वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीसंबंधी आपल्या सेवेची जाहिरात हजारो गटांत टाकली आणि संतापाची लाट उसळली.

या संतापाचे एक कारण तांत्रिक होते. एकच संदेश अनेक गटांना जोडून पाठवण्याची सोय यूजनेटवर होती आणि तसे केल्यास वाचकाला तो एकदाच दिसे. वकिलांनी प्रत्येक गटासाठी वेगळी प्रत पाठवल्यामुळे वाचक ज्या गटात जाई तेथे तोच मजकूर पुन्हा समोर येई. यूजनेटच्या जाणकारांच्या काटेकोर परिभाषेत स्पॅम म्हणजे नेमके हेच. मजकूर काय आहे याला महत्त्व नव्हते, प्रती किती आहेत याला होते. व्यापारी ईमेलचा पूर आल्यावर ही काटेकोर व्याख्या मागे पडली, आणि माझ्या मते त्याबरोबर एक उपयुक्त भेदही हरवला.

इंग्रजी आद्याक्षरे जुळवून या शब्दाचा ‘मूर्ख, निरर्थक, तापदायक संदेश’ असा जो विस्तार फिरतो, तो मागाहून रचलेला आहे. अमेरिकेने २००३ मध्ये केलेल्या कायद्याचे नावही असेच जुळवून ‘कॅन-स्पॅम’ ठेवले गेले. त्यातील ‘कॅन’चा अर्थ डबा असाही होतो आणि बोलीत बंद पाडणे असाही. गंमत अशी की हा कायदा न मागितलेल्या व्यापारी ईमेलवर बंदी घालत नाही. तो खोटी माहिती देण्यास मनाई करतो आणि पुढील संदेश थांबवण्याची सोय ठेवण्याची सक्ती करतो.

हॉर्मेल कंपनीने या नव्या अर्थाशी जुळवून घेतले, पण एक अट घालून: संदेशांसाठी हा शब्द इंग्रजीत लहान अक्षरांत लिहावा, सगळी मोठी अक्षरे आपल्या पदार्थासाठी राखून ठेवावीत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ही अट मराठीत पाळता येणे शक्यच नाही. तशी गरजही पडत नाही, कारण मराठीत हा शब्द डब्याशिवायच आला. येथे तो पदार्थाचे नाव नाही आणि पुष्कळदा संदेशाचेही नाही, तर एका जागेचे आहे: ‘तुमचा मेल स्पॅममध्ये गेला होता.’