उजेड आल्या वाटेनं परत पाठवणारं जाकीट

सप्टेंबर 2019 मध्ये सुधारित मोटार वाहन कायदा लागू झाला आणि लुंगी नेसून ट्रक चालवणाऱ्यांना उत्तर प्रदेशात 2,000 रुपये दंड झाल्याच्या बातम्या झळकल्या. महिनाअखेरीस नितीन गडकरी यांच्या कार्यालयानं खुलासा केला की लुंगी-बनियन, अर्ध्या बाह्यांचा शर्ट किंवा चप्पल यांसाठी दंड नाही. वाद तिथंच मिटला. पण ड्रायव्हरच्या कपड्यांचा खरा कस स्टिअरिंगमागे लागत नाही; तो केबिनमधून खाली उतरल्यावर लागतो.

गळीत हंगामात पेठ नाका ते सांगली रस्त्यावर उसानं भरलेला ट्रक रात्री पंक्चर झाला, असं समजू. ड्रायव्हर जॅक लावायला रस्त्याच्या बाजूला बसला आहे. मागून दुसरा भरलेला ट्रक ताशी 80 किलोमीटरनं येतो, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. समोर काहीतरी आहे हे उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर गेले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही साधारण 55 मीटर लागतात. एकूण 88. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस दिसतो तो जेमतेम 30 मीटरवरून.

"मग पांढरा शर्ट घालावा," असं बरेच जण म्हणतात. फरक पडतो, पण पुरेसा नाही. पांढरं कापड अंगावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना उधळतं. ऊस, आभाळ, शेजारची विहीर, सगळ्यांना थोडा थोडा वाटा मिळतो आणि येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात नगण्य पडतो. रेडियमच्या जाकिटावरची चंदेरी पट्टी हा उधळेपणा करत नाही. ती स्वतः चमकत नाही आणि दिवसा उजेड साठवूनही ठेवत नाही. ज्या दिशेनं उजेड आला, त्याच दिशेला तो परत धाडते.

हे काम करतात काचेचे मणी. एकेक सुमारे 50 मायक्रॉन व्यासाचा, केसाहून बारीक. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 40,000 च्या घरात मावतात. प्रत्येक मण्याची पाठ ॲल्युमिनियमच्या पातळ थरात रुतलेली असते. उजेड मण्यात शिरताना वाकतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याच्या ताकदीचा आकडा, 1.5; तिच्या मण्यात किरण इतके कमी वाकतात की ते मण्याच्या मागे, अर्ध्या त्रिज्येइतक्या अंतरावर एकवटतात. अपवर्तनांक 2 असेल तर बरोबर मागच्या भिंतीवर. तिथं ॲल्युमिनियम त्यांना परतवतं आणि जाताना ते पुन्हा वाकून आल्या दिशेला समांतर निघतात. प्रत्यक्षात मण्याच्या कडेचे किरण जरा जास्तच वाकतात, म्हणून 1.9 च्या आसपासची काच वापरतात. अशा पट्टीला आरशासारखं नेमक्या कोनात धरावं लागत नाही, ही यातली सगळ्यात देखणी गोष्ट.

आता थोडं गणित. अशा जाकिटांच्या आयएसओ 20471 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नव्या पट्टीनं दर चौरस मीटरमागे, दर लक्स उजेडाला (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) किमान 330 कँडेला (हे एका दिशेनं जाणाऱ्या उजेडाचं माप) परत द्यावे लागतात. पांढऱ्या कापडाचा हाच आकडा 0.25 च्या आसपास. हजारपटीहून जास्त फरक! पण 330 हा आकडा दिवा आणि डोळा यांच्यात 0.2 अंशाचा कोन असतानाचा. कोन 1 अंश झाला की मानकाची अपेक्षा 25 वर येते. कारमध्ये डोळे हेडलाइटच्या 60 सेंटिमीटर वर असतात. 100 मीटरवर हा कोन 0.34 अंश. ट्रकमध्ये दीड मीटर वर, म्हणजे 0.86 अंश. तेव्हा तेच जाकीट कारवाल्याला झगझगीत आणि उंच केबिनमधल्या ट्रकवाल्याला बरंच मंद दिसतं. तरीही पांढऱ्या शर्टाच्या शंभरपट.

पावसात गंमत बिघडते. मणी उघडे असतील तर त्यांवर पाण्याचा थर बसतो, आणि पाण्यातून काचेत जाताना किरण पुरेसे वाकत नाहीत. पाटण, कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरणाऱ्यांनी म्हणून मण्यांवर पारदर्शक आवरण असलेली किंवा प्रिझमची पट्टी घ्यावी. प्रिझममध्ये उजेड तीन काटकोनी भिंतींवर आपटून परत फिरतो. त्या भिंती आत बंद असल्यानं पाण्याचा फारसा उपद्रव होत नाही.

खरेदी करताना दुकानातच परीक्षा घ्या. जाकीट दहा पावलांवर टांगा, मोबाईलचा टॉर्च कानशिलाला लावून बघा, मग हात लांब करून बघा. पहिल्यांदा लख्ख आणि दुसऱ्यांदा विझल्यासारखी दिसली तर पट्टी खरी. दोन्ही वेळा सारखीच दिसली तर तो नुसता चंदेरी रंग. नंतर पट्टी ओली करून पुन्हा बघा. पट्टी किमान 5 सेंटिमीटर रुंद हवी. मानकाच्या दुसऱ्या वर्गातल्या जाकिटाला 0.13 चौरस मीटर पट्टी लागते, म्हणजे या रुंदीची 2 मीटर 60 सेंटिमीटर. जाकिटाचं पोपटी कापड दिवसा आणि संधिप्रकाशात उपयोगी. ते निळा-अतिनील उजेड पिऊन पोपटी उजेड बाहेर टाकतं, म्हणून रात्री नारिंगी सोडियम दिव्याखाली त्याचा फारसा उपयोग नाही.

1973 मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी अंधारात माणसांच्या फक्त सांध्यांवर ठिपके उजळवले. बघणाऱ्यांनी ते हलताक्षणी माणूस ओळखला. म्हणून खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्या हव्यात आणि फुलपँटच्या घोट्याजवळही एक हवी. वाकून बसल्यावर छातीवरची पट्टी मांडीआड जाते. लुंगीला घोट्याची पट्टी लावता येत नाही, शिवाय टिपरच्या पीटीओ शाफ्टमध्ये (इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्यात) तिचा सोगा अडकला तर माणूस ओढला जातो. गळ्यातल्या गमछाचंही तेच.

जाकीट टूलबॉक्समध्ये ठेवू नका. ते काढायला आधी रस्त्यावर उतरावं लागतं! सीटमागे खुंटीला टांगा, उतरण्यापूर्वी घाला आणि चेन किंवा वेल्क्रो लावा, कारण उघड्या जाकिटाच्या पुढच्या पट्ट्या मागे उडतात. डिझेल आणि ग्रीस लागलं तर साध्या साबणानं, हातानं धुवा. ब्रश मारला, पिळलं किंवा पट्टीवर इस्त्री फिरवली की मणी सुटतात. लेबलवर किती धुण्यांपर्यंत हमी आहे ते लिहिलेलं असतं; तेवढी झाली की टॉर्चची परीक्षा पुन्हा घ्या.

बाकी कपडे थोडक्यात. पँट जाड सुती. पॉलिस्टर 250 अंशांच्या पुढे वितळून कातडीला चिकटतं आणि गरम सायलेन्सर तिथवर सहज जातो. पायात टाच बंद असलेला, पातळ पण न घसरणाऱ्या तळाचा बूट. चप्पल निसटून ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते.

बॅटरीला हात लावण्यापूर्वी कडं, घड्याळ आणि अंगठी काढा. शनीची पीडा टळावी म्हणून घातलेली घोड्याच्या नालेची अंगठीसुद्धा. ट्रकच्या 24 व्होल्टला शॉक बसत नाही, पण हातात पाना असताना अंगठी टर्मिनल आणि बॉडी यांच्यात सापडली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि काही क्षणांत लोखंड लाल होऊन बोट भाजतं. शनीचा त्यात काही संबंध नाही. निगेटिव्हची वायर आधी सोडायची आणि जोडताना शेवटी लावायची, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.