गोधडीचा काठ

गोधडीचा काठ : गोधडीच्या मधल्या भागाभोवती चारी बाजूंनी जोडलेली कापडाची पट्टी. कोकणात गोधडीला वाकळ असेही म्हणतात. काठाचे काम दोन रीतींनी होते. एका रीतीत वरच्या कापडाला चार इंचांच्या आसपास रुंदीची पट्टी आधी जोडतात आणि मग आतले थर व अस्तर लावतात. दुसऱ्या रीतीत सगळे थर शिवून झाल्यावर कडेवर अरुंद गोट दुमडून घालतात. गोटाबद्दल फारशी तक्रार नसते. रुंद पट्टीबद्दल मात्र असते. गोधडी जमिनीवर पसरली की काठ सपाट बसत नाही, त्याला झोळ पडतो. किंवा उलट काठ ताणलेला राहतो आणि मधला भाग फुगतो. झोळ पडतो तेव्हा पट्टी जास्त झालेली असते, फुगा येतो तेव्हा कमी पडलेली.

लांबलचक पट्टी घ्यायची, कडेला लावत शिवत जायचे आणि कोपरा आला की उरलेली कापून टाकायची, ही रीत सोपी म्हणून सर्रास चालते. झोळाचे मूळ बहुतेक वेळा तिच्यातच असते. गोधडीची कड हा तिचा सर्वांत फसवा भाग. तुकडे जोडताना, उचलताना, मांडीवर ओढताना कडेलाच हात लागतात. त्यात कडेचे तुकडे तिरके कापलेले, म्हणजे उरेबात आलेले असतील, तर कडा सहज सैल पडतात. अशा वाढलेल्या कडेवर पट्टी बसवली की ती वाढ पट्टीतही उतरते. शिवाय मशीनचे दाते खालचे कापड पुढे ढकलतात आणि वरचे किंचित मागे राहते. त्यामुळे पट्टी खाली ठेवून शिवली तर नकळत जास्त पट्टी खर्ची पडते.

म्हणून काठाचे माप गोधडीच्या मधून घ्यायचे, कडेवरून नाही. गोधडी सारवलेल्या किंवा लादीच्या जमिनीवर, हाताने न ओढता पसरावी. बाजेवर घेतलेले माप खोटे येते. लांबी तीन ठिकाणी मोजावी : मधोमध आणि दोन्ही कडांपासून वीतभर आत. तिन्ही मापे थोडी वेगळी आली तर सरासरी धरावी. फार वेगळी आली तर आधी गोधडीचे चारही कोपरे काटकोनात आणावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. वाकड्या गोधडीला मापाची पट्टी लावून काही साधत नाही.

समजा, गोधडी मधोमध ८४ इंच लांब आणि ६० इंच रुंद आहे, पण लांबीच्या कडा ८६ इंच भरतात. तरी दोन्ही लांब पट्ट्या ८४ इंचांच्याच कापायच्या. पट्टी व कड, दोन्हींचे आठ-आठ समान भाग पाडून खुणा कराव्यात आणि खूण खुणेला टाचणीने अडकवावी. मग दर साडेदहा इंच पट्टीत कडेचे पाव इंच जास्तीचे कापड मुरवायचे उरते, आणि सुती कापड तेवढे चुण्या न पडता मुरवून घेते. शिवताना पट्टी वर आणि गोधडी खाली, म्हणजे मशीनचे दातेच जास्तीचे कापड पुढे नेतात. हाताने शिवणारीला ही सोय नाही, पण तिला गरजही कमी, कारण धावदोऱ्यात प्रत्येक टाका तिच्याच बोटांनी बसतो.

लांब बाजू झाल्या की इस्त्री करून माया, म्हणजे शिवणीपलीकडे राहिलेले कापड, पट्टीकडे वळवावी. इस्त्री दाबून उचलायची, ओढत न्यायची नाही. त्यानंतरच आडवे माप घ्यावे, तेही मधूनच आणि नव्या पट्ट्यांसकट. पट्ट्या साडेचार इंची आणि माया पाव इंच असेल तर दोन्ही बाजूंना चार-चार इंचांची भर पडते, म्हणून आडव्या पट्ट्या ६८ इंचांच्या होतात. चारही पट्ट्या सुरुवातीलाच कापून ठेवण्याची घाई इथे नडते. तिरका कोपरा हवा असेल तर प्रत्येक पट्टी बाजूच्या लांबीपेक्षा काठाच्या रुंदीच्या दुपटीने, वर दोनेक इंच जास्त घ्यावी लागते. दिसायला तो सुबक असतो. रोजच्या पांघरुणाला सरळ कोपरा पुरतो.

पट्टी कोणत्या दिशेने काढली यालाही मापाइतकेच महत्त्व आहे. कापडाचा उभा धागा मागावर ताणलेला असतो, म्हणून त्या दिशेने कापड फारसे वाढत नाही. आडव्या दिशेने ते थोडे वाढते आणि उरेबात सर्वांत जास्त. या दृष्टीने जुन्या नऊवारीचा काठ जवळजवळ आयता मिळतो. तो उभ्या धाग्यावरच, लुगड्याच्या लांबीभर विणलेला असतो आणि विणही बहुधा अंगापेक्षा, म्हणजे लुगड्याच्या मधल्या कापडापेक्षा, दाट असते. वरच्या उदाहरणातल्या गोधडीला चारी बाजूंनी मिळून ३०४ इंच पट्टी लागते. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. एका लुगड्याचा एकच काठ हिशेबात पुरतो आणि दुसरा काठ शिल्लक राहतो. प्रत्यक्षात काही भाग विरलेला असतो, तो टाकून दुसऱ्या काठातून भर घालतात. काठ अरुंद असेल तर त्यालगतचे अंगाचे कापडही पट्टीत घ्यावे आणि पट्टी शक्यतो टरकावून काढावी, म्हणजे ती धाग्यात सरळ येते. इरकलीचा काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असल्याने निसरडा. त्याला टाचण्या जवळजवळ लावाव्या लागतात. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी तो हनुवटीला टोचतो, आणि ज्या बाजूने पांघरायचे तिथे तो लावूच नये.

जुन्या लुगड्यांना नवा काठ लावला की फुगा येण्याची भीती असते. लुगडी वर्षानुवर्षे धुवून आटायची तेवढी आटलेली असतात. कोरे मांजरपाट खळीचे असते आणि पहिल्या धुण्यात आटते. पट्टी आटली, मधले आटले नाही, की गोधडीची परात होते. कोरे कापड एक-दोनदा भिजवून, वाळवून मगच कापणे हाच त्यावरचा इलाज आहे.

एवढे करूनही झोळ राहिला तर दोष टाक्यांच्या दाटीत शोधावा. धावदोऱ्याने कापड थोडे आखडते. मधला भाग दाट टाक्यांनी भरला आणि काठावर मोजक्याच ओळी घातल्या तर मधला भाग आत ओढला जातो आणि काठ सैल राहतो. काठावरही तितक्याच अंतराने ओळी हव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, आणि शेवटी राहिलेल्या कामाची जी गत होते तीच बहुतेक काठांची होते. थर लावताना आधी सगळी गोधडी कच्च्या टाक्यांनी पक्की केलेली असली तर ओळी कडेकडे नेताना कापड सरकत नाही.

कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, जाड गोधडी वाळत नाही. त्यामुळे ती धुणे आणि वाळवणे उन्हाळ्यात उरकतात. ओली गोधडी एका कडेने दोरीवर टांगली की पाण्याचे सगळे ओझे त्या कडेवर येते आणि नीट बसलेला काठही ओघळतो. ती दांडीवर मधोमध घडी करून टाकावी किंवा तापलेल्या कातळावर सपाट पसरावी.

कोकणच्या दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंद नावाची जी गोधडी शिवतात तिच्यात हा प्रश्नच उभा राहत नाही. तिथे तुकडे बाहेरच्या कडेपासून लावायला घेतात आणि फेरे घालत मध्यावर येतात, म्हणजे काठ आधी होतो आणि मधले कापड त्याच्या मापाने भरले जाते.

बिघडलेला काठ इस्त्रीने दाबून सपाट करता येत नाही. पुढच्या धुण्यात झोळ परत येतो. बाजूची शिवण उसवून, मधून माप घेऊन, पट्टी छाटून पुन्हा लावावी लागते. थर शिवून झाले असतील तर काठावरच्या धावदोऱ्याच्या ओळीही सोडवाव्या लागतात. झोळ थोडाच असेल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा काठात धावदोऱ्याच्या आणखी दोन-तीन ओळी घालणे सोयीचे पडते.