अपुऱ्या दुधाची शंका (स्तनपान)

नवजात बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेला आपले दूध बाळास पुरत नाही असे वाटणे, ही स्तनपानाच्या पहिल्या आठवड्यांत नेहमी आढळणारी तक्रार आहे. सहा महिन्यांच्या आत अंगावर पाजणे थांबवण्याचे किंवा वरचे दूध सुरू करण्याचे कारण विचारले असता वेगवेगळ्या देशांतील माता वारंवार हेच सांगतात. वैद्यकीय लेखनात या तक्रारीचे दोन प्रकार मानतात : दूध खरोखर कमी तयार होणे (खरी न्यूनता) आणि पुरेसे असूनही कमी वाटणे (भासमान न्यूनता). ही विभागणी उपयुक्त आहे, पण पक्की नाही. दुसऱ्या प्रकारातून पहिला निर्माण होऊ शकतो.

इतिहास : ईबर्स पपायरस या ईजिप्शियन वैद्यक हस्तलिखितात (सु. इ. स. पू. १५५०) स्त्रीचे दूध वाढावे म्हणून माशाची हाडे तेलात तापवून तिच्या पाठीला चोळण्याचा उपाय सांगितला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात क्रोध, शोक आणि अवात्सल्य यांमुळे स्तन्यनाश होतो असे म्हटले आहे. या संहितेचा काळ वादग्रस्त आहे. मूळ भाग इसवी सनापूर्वीचा आणि आज उपलब्ध असलेले रूप त्यानंतरच्या काही शतकांतील, असे सामान्यतः मानले जाते. मनःस्थिती आणि दूध यांचा संबंध जोडणारे हे विधान आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाशी जुळते असे अनेकदा लिहिले जाते. निरीक्षण काही अंशी जुळते; मात्र संहितेतील कारणमीमांसा वेगळ्या शारीर कल्पनांवर उभी असल्याने हे साम्य निरीक्षणापुरतेच मानणे योग्य ठरते. या प्राचीन उल्लेखांत खरी न्यूनता अभिप्रेत आहे की भासमान, हे त्या ग्रंथांवरून ठरवता येत नाही.

ही तक्रार एवढी व्यापक कशी झाली यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाद झाला. ज्यूडिथ गस्लर आणि लिंडा ब्रिसमायस्टर यांनी १९८० मध्ये ‘अपुरे दूध लक्षणसमूहा’चे जैव-सांस्कृतिक स्पष्टीकरण मांडले. आधुनिक जीवनात आई आणि बाळ दीर्घकाळ एकमेकांपासून दूर राहतात, पाजण्याच्या वेळांत मोठे अंतर पडते आणि त्यामुळे दूध खरोखरच घटते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. टेड ग्रायनर, पेनी व्हॅन एस्टरिक आणि मायकेल लॅथम यांनी १९८१ मध्ये त्याला पर्यायी स्पष्टीकरण दिले आणि बाटली व कृत्रिम दूध यांच्या प्रसारावर बोट ठेवले : वरचे दूध सुरू झाल्यामुळे अंगावरचे दूध कमी होते, ते आधीच कमी होते म्हणून वरचे सुरू झाले असे मानणे उलटे आहे. याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायी पदार्थांच्या विपणनासंबंधीची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. दोन्ही मतांत शरीरक्रियेचा दुवा एकच आहे, स्तनातून दूध कमी वेळा निघणे. तो दुवा सुरू कोठून होतो एवढाच मतभेद आहे. पुढील संशोधन पाहता दुसऱ्या मताला अधिक आधार मिळतो, तरी पहिले पूर्णपणे बाद ठरत नाही.

दुधाची निर्मिती व तिचे नियंत्रण : दुग्धपिंड गर्भारपणाच्या मध्यापासूनच थोडा चीक तयार करू लागतात. प्रसूतीत वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन या गर्भारपणातील संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते आणि प्रोलॅक्टिन या दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाच्या साहाय्याने भरपूर दूध येऊ लागते. याला साधारण दोन ते चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात सरासरी काही दशक मिलिलिटर चीकच जातो, आणि निरोगी, पूर्ण मुदतीच्या बाळाला तो सहसा पुरतो. शंका सर्वांत तीव्र असते ती याच दिवसांत; वरच्या दुधाची पहिली बाटलीही बहुधा तेव्हाच येते.

त्यानंतरचे नियंत्रण मुख्यतः स्तनातच होते. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील एअर येथील हॅना संशोधन संस्थेत माल्कम पीकर, कॉलिन वाइल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर केलेले प्रयोग या बाबतीत निर्णायक मानले जातात. कासेची एकच बाजू जास्त वेळा पिळली असता केवळ त्याच बाजूचे दूध वाढले. संप्रेरके रक्तातून दोन्ही बाजूंना सारखीच पोहोचत असल्याने कारण स्थानिक असले पाहिजे हे उघड झाले. मग प्रश्न उरला तो साचलेल्या दुधाचा दाब स्रवणाला आवर घालतो की त्यातील एखादा पदार्थ. काढलेल्या दुधाच्या जागी तितकाच निष्क्रिय द्राव भरून कास पूर्ववत ताणलेली ठेवली, तरीही स्रवण वाढले. त्यावरून दुधातच एक निरोधक घटक असावा असा निष्कर्ष काढण्यात आला आणि १९९० च्या दशकात असा एक लहान प्रथिनांश वेगळा केल्याचे जाहीर झाले. मात्र त्याची जनुकीय ओळख आजतागायत निश्चित झालेली नाही. २००४ पासून नेल्सन हॉर्समन व सहकाऱ्यांनी दुग्धपिंडात तयार होणारे सेरोटोनिन हे रसायन हाच असा घटक असल्याचे मत मांडले असून ते अधिक ग्राह्य वाटते. कोष्ठक (दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) ताणले गेल्याने पेशींमधील सांधे सैल होणे हेही एक कारण असू शकते, आणि या यंत्रणा परस्परांना पूरक असण्याची शक्यता आहे. तंत्र कोणतेही असो, व्यावहारिक अर्थ बदलत नाही : भरलेला स्तन दूध हळू तयार करतो, रिकामा झालेला वेगाने.

मानवी मातांमध्ये पीटर हार्टमन व सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच दाखवले. त्यांच्या मोजमापांनुसार प्रत्येक स्तनाची साठवणक्षमता वेगळी असते. एकाच स्त्रीचे दोन्ही स्तनही सारखे नसतात. साठवण कमी असलेली आई बाळाला अधिक वेळा पाजून दिवसभरात तेवढेच दूध देऊ शकते, त्यामुळे स्तनांच्या आकारावरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही. एक ते सहा महिन्यांच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांच्या त्यांच्या एका अभ्यासात (२००६) चोवीस तासांतील दूध सरासरी ७८८ ग्रॅम होते, पण आई-बाळाच्या निरनिराळ्या जोड्यांत ते ४७८ पासून १,३५६ ग्रॅमपर्यंत आढळले. पाजण्याच्या वेळाही ६ ते १८ इतक्या भिन्न होत्या. ही सर्व बाळे नीट वाढत होती. शेजारच्या बाळाशी केलेली तुलना किती फसवी असते हे या आकड्यांवरून दिसते.

पान्हा फुटणे, म्हणजे तयार दूध स्तनातून बाहेर येऊ लागणे, ही वेगळी क्रिया असून ती ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे घडते. नाइल्स व मायकेल न्यूटन यांनी १९४८ मध्ये एकाच मातेवर केलेल्या प्रयोगात पाजताना मुद्दाम त्रास देऊन लक्ष विचलित केले असता बाळाला मिळणारे दूध बरेच घटले आणि ऑक्सिटोसिन टोचल्यावर ते जवळजवळ पूर्ववत झाले. प्रयोग लहान होता, पण निष्कर्ष टिकला. चिंतेमुळे दूध ‘आटते’ असे म्हणण्यापेक्षा ते काही काळ अडकते असे म्हणणे अचूक. अर्थात असे अडकलेले दूध दिवसेंदिवस निघाले नाही, तर वर सांगितलेल्या निरोधामुळे निर्मितीही मंदावते.

खरी व भासमान न्यूनता ओळखणे : स्तन मऊ पडणे, दूध आपोआप न गळणे, पंपाने थोडेच दूध निघणे, बाळाने संध्याकाळी वारंवार मागणे, पाजून झाल्यावरही रडणे, यांपैकी एकाही गोष्टीवरून दूध कमी असल्याचे सिद्ध होत नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर स्तन मऊ होणे ही तर निर्मिती मागणीशी जुळल्याची खूण असते. पंप हा बाळाचा पर्याय नव्हे. त्याला प्रतिसाद न देणाऱ्या कित्येक मातांची बाळे छान वाढतात.

भरवसा बाळाकडे पाहून ठेवावा. जन्मानंतर वजन काहीसे घटते. ७ ते १० टक्क्यांपर्यंतची घट सहसा आढळते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत ती थांबावी, साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन पुन्हा गाठले जावे आणि पुढे पहिल्या महिन्यांत दररोज सु. २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी, अशी अपेक्षा असते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा फिकट लघवी, काळ्या चिकट शीच्या जागी पिवळी शी आणि पिताना ऐकू येणारे घोट या समाधानकारक खुणा होत. उलट बाळ पिण्यासाठी उठवूनही न उठणे, चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग, वाढती कावीळ किंवा १० टक्क्यांहून अधिक वजनघट असल्यास त्याच दिवशी तपासणी आवश्यक आहे. अशा बाळात रक्तातील सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. या प्रसंगी नुसता धीर देऊन आईला परत पाठवणे हा गंभीर दोष आहे.

वजनाच्या तक्त्यांनीही एके काळी गोंधळ घातला. १९७७ मध्ये अमेरिकेत तयार झालेले आणि जगभर वापरले गेलेले तक्ते प्रामुख्याने बाटलीवर वाढलेल्या बाळांवर आधारित होते. त्यांवर अंगावर पिणारे निरोगी बाळ काही महिन्यांनी ‘मागे पडलेले’ दिसे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतील स्तनपान करणाऱ्या बाळांवर आधारित वाढीची मानके प्रसिद्ध केल्यावर ही उणीव बरीचशी दूर झाली.

खऱ्या न्यूनतेचे प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून कमी असल्याचे सर्वत्र लिहिले जाते. या आकड्यामागचा मूळ पुरावा तुटपुंजा आहे आणि तो जपूनच वापरावा. कारणांपैकी वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, प्रसूतीतील अतिरक्तस्राव (त्यामुळे मेंदूखालच्या पोषग्रंथीची म्हणजे पिट्यूटरीची हानी झाल्यास त्याला शीहान लक्षणसमूह म्हणतात; वर्णन १९३७), अवटू ग्रंथीची (थायरॉइडची) न्यूनक्रिया, दुग्धऊतकाची अपुरी वाढ आणि स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया ही प्रस्थापित आहेत. मधुमेह, लठ्ठपणा, पहिलटकरीणपण आणि शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती यांमुळे दूध उतरायला उशीर होतो. उशीर म्हणजे अभाव नव्हे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधके आणि सर्दीवरील स्यूडोएफेड्रिन यांनी दूध घटू शकते. बाळाकडून अपुऱ्या दिवसांचा जन्म, फाटलेला टाळू किंवा जखडलेली जीभ ही कारणे संभवतात.

उपचार : बाळाची स्तनावरील पकड सुधारणे, उघड्या अंगाशी अंग लावून ठेवणे, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे आणि गरज पडल्यास नंतर दूध पिळून काढणे, यांवर मुख्य भर असतो. डॉम्पेरिडोन व मेटोक्लोप्रमाइड ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवतात. परंतु प्रोलॅक्टिनाची पातळी व दुधाचे प्रमाण यांचा थेट मेळ बसत नाही, आणि डॉम्पेरिडोनाचा हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकत असल्याने ते केवळ वैद्याच्या देखरेखीखाली देतात. वनौषधींविषयी विश्वसनीय चाचण्या फार थोड्या आहेत. बाळाला पुरवणी खरोखर लागत असेल तर आधी आईचे पिळलेले दूध, मग दुग्धपेढीतील दूध आणि ते नसल्यास कृत्रिम दूध असा क्रम सांगितला जातो. स्तनाशी लावलेल्या बारीक नळीतून ही पुरवणी दिल्यास बाळ स्तन चोखत राहते आणि आईचे जितके दूध असेल तितके त्याला मिळत राहते.