लाकडाच्या जागी पीठ: कसाव्याचं मूळ कसं घडतं

कसावा म्हणजे ज्याच्या मुळांतल्या पिठापासून आपल्याकडे साबुदाणा बनतो ते झाड. त्याचं मूळ आडवं कापलं की पांढऱ्या चकतीच्या मधोमध एक चिवट दोरा दिसतो. कडेला, सालीच्या जरा आत, एक बारीक गोल रेघ असते. सुरीचं टोक सालीत खुपसून उचकटलं की साल नेमकी त्याच रेघेवरून सुटते आणि आतला गर गुळगुळीत मोकळा होतो. ही रेघ म्हणजे कॅम्बियम, सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा जेमतेम काही पेशी जाडीचा थर. या पेशींच्या भिंती नाजूक असतात, म्हणून साल तिथेच सुटते. या रेघेच्या आत तयार झालेला सगळा गर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने लाकूड आहे. झाडाचं खोड जाड होताना कॅम्बियम आतल्या बाजूला जे घडवतं, तेच इथेही घडलं आहे. फक्त या लाकडाने टणक होण्याऐवजी पोटात पीठ भरून घेतलं.

कसाव्याचं मूळ मला सर्वांत विलक्षण वाटतं ते इथे. या झाडाच्या बऱ्याच सवयींचा उलगडाही इथूनच होतो.

सुरुवात मुळाशिवाय होते. कसावा सहसा बियांपासून लावत नाहीत. पक्व खोडाच्या वीतभर लांबीच्या कांड्या तोडून त्या मातीत खोचतात. बियांपासून उगवलेल्या रोपाला नेहमीसारखं सोटमूळ येतं, पण अशी रोपं मुख्यतः नवे वाण तयार करणाऱ्यांच्या वाफ्यांत दिसतात. कांडीला जे मूळ फुटेल ते खोडातूनच फुटावं लागतं. अशा मुळांना पाठ्यपुस्तकांत आगंतुक मुळं म्हणतात. ओल चांगली असेल तर साधारण आठवड्याभरात ती दोन ठिकाणांहून बाहेर येतात. काही मातीत गाडलेल्या डोळ्यांपासून निघतात, तर काही कांडीच्या खालच्या कापलेल्या टोकाशी निघतात.

महिन्याभराची कांडी अलगद उपटून पाण्यात हलवली, तर पांढऱ्या दोऱ्यांचा एक झुपका हाती येतो. सगळे दोरे जवळपास सारख्याच जाडीचे. यातलं कोणतं मूळ मनगटाएवढं होणार आणि कोणतं दोराच राहणार, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. कांडीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की फरक दिसू लागतो. डोळ्यांपासून निघालेली मुळं खोडात खोलवर, गाभ्याच्या जवळ रुजलेली असतात. कापलेल्या टोकाची मुळं खोडाच्या कॅम्बियमपासून, म्हणजे वरवरून निघालेली असतात. अशा एका बारकाईच्या तपासणीत पुढे फुगलेली मुळं डोळ्यांपासून आलेलीच निघाली.

दुसऱ्या महिन्याच्या आसपास निवाडा होतो. कितीतरी दोऱ्यांपैकी पाच-दहाच मुळं जाड व्हायला लागतात आणि बाकीची आयुष्यभर पाणी व क्षार शोषत राहतात. बदल सुरू होतो कॅम्बियममध्ये. एरवी तो आतल्या बाजूला जाड भिंतींच्या जलवाहिन्या आणि तंतू घडवतो. त्यांच्या भिंतींत लिग्निन हे लाकडाला टणक करणारं द्रव्य भरतं आणि मूळ काष्ठमय होतं. निवडलेल्या मुळात लिग्निन तयार करणारी जनुकं मंदावतात, स्टार्च बनवणारी जोर धरतात, आणि कॅम्बियम पातळ भिंतींच्या गोलसर पेशींची रासच्या रास आत टाकत सुटतो. जलवाहिन्या मधूनमधून विखुरलेल्या राहतात. ऑक्सिन आणि जिबरेलिन या संप्रेरकांचं प्रमाण बदलण्याचा या वळणाशी जवळचा संबंध आहे. कोवळ्या जाड मुळाच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की रेघेच्या आतला भाग निळाकाळा पडतो, कारण तिथे स्टार्चचे कण दाटीवाटीने बसलेले असतात. मधला चिवट दोरा हा मूळ अजून बारीक असतानाचा, बदल होण्याआधीचा भाग आहे. तो तसाच जपला जातो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती वाढतं.

गाजराशी तुलना केली की गंमत कळते. गाजरातही तशीच गोल रेघ असते, पण तिथला जाडजूड, गोड भाग रेघेच्या बाहेर असतो. अन्न वाहून आणणाऱ्या रसवाहिन्यांच्या बाजूचा तो भाग. कसाव्यात पेच असा की साखर येते सालीच्या बाजूने आणि साठवायची असते आत. पानांत तयार झालेली सुक्रोज साखर रसवाहिन्यांतून सालीलगत उतरते. तिथून ती चाकाच्या आऱ्यांसारख्या पेशींच्या ओळींमधून, एका पेशीतून दुसरीत सूक्ष्म छिद्रांवाटे सरकत, गाभ्याकडे जाते. जाड मुळात हे अंतर कित्येक सेंटिमीटर भरतं. एवढ्याशा पेशींसाठी हा लांबचा पल्ला आहे आणि तो महिनोन्‌महिने अखंड चालू असतो. कसाव्याची काढणी साधारण 8 ते 12 महिन्यांनी होते, पण मूळ त्यानंतरही जमिनीत वाढत राहू शकतं.

या मुळाला सर्रास कंद म्हणतात. बोलण्यात चालेल, पण त्यामुळे एक गैरसमज होतो. बटाटा हे जमिनीखालचं खोड आहे. त्याला डोळे असतात आणि डोळ्यांतून नवं झाड येतं. रताळं मूळ असूनही त्याला कोंब फुटतात. कसाव्याच्या साठवण मुळाला डोळा नसतो, आणि त्याचा तुकडा मातीत पुरला तर झाड येत नाही. ते पुढच्या पिढीचं बियाणं नव्हे, याच झाडाची स्वतःची कणगी आहे.

कणगी लागते ती दुष्काळात. कसाव्याचा रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेत, अॅमेझॉन खोऱ्याच्या दक्षिण कडेला, जिथे पावसाळ्यामागून कोरडा काळ येतो अशा मुलखातला. पाणी कमी पडू लागलं की कसावा पानांची रंध्रं लवकर मिटतो आणि जुनी पानं गाळतो. जाड मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात, पण बारीक मुळं दोन मीटरपर्यंत खाली उतरून ओल शोधू शकतात. पाऊस परतला की साठवलेल्या स्टार्चची पुन्हा साखर होते आणि तिच्यावर नवी पानं फुटतात. तेवढ्यात मुळं खणून काढली तर ती पाणचट लागतात आणि पीठही कमी निघतं.

बारीक मुळांचंही एक वैशिष्ट्य आहे. ती तुलनेने जाडसर आणि विरळ असतात, त्यांच्यावर मूलरोमही थोडे. एवढ्या तुटपुंज्या जाळ्यावर हे झाड आम्लधर्मी, फॉस्फरस कमी असलेल्या जमिनीत तग धरतं ते मुळांत शिरून राहणाऱ्या बुरशीच्या बळावर. या मायकोरायझा बुरशीचे धागे मुळाच्या आवाक्यापलीकडचा फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. निर्जंतुक केलेल्या, म्हणजे बुरशी मारलेल्या मातीत कसावा लावून पाहिला, तर भरपूर फॉस्फरस घातल्याशिवाय तो खुरटाच राहतो.

कणगीला राखणही आहे. पानांत तयार होणारं लिनामारिन हे द्रव्य मुळांपर्यंत पोचतं. पेशी चिरडली की ते एका विकराला भेटतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. गरापेक्षा सालीत लिनामारिन जास्त असतं. म्हणूनच कसावा कच्चा खात नाहीत, आणि कडू वाण तर किसून, आंबवून, पिळून, वाळवूनच वापरायचे असतात.

खणून काढल्यावर मात्र ही कणगी आश्चर्यकारक वेगाने ढासळते. बटाटा महिनोन्‌महिने सुप्त राहू शकतो, कारण त्याला पुढे रुजायचं असतं. कसाव्याचं मूळ झाडापासून सुटल्यावर जगावं अशी गरज निसर्गात कधी पडलीच नाही. काढणीच्या जखमेपासून ऑक्सिडीकरणाची लाट आत पसरते. दोन-तीन दिवसांत जलवाहिन्यांच्या कडेने निळसर-काळ्या रेघा उमटतात, आणि पांढऱ्या चकतीवर आतापर्यंत न दिसलेली वाहिन्यांची नक्षी उघडी पडते. या वेळी स्कोपोलेटिन नावाचं द्रव्य साचतं. अतिनील दिव्याखाली धरलं की ते निळं चमकतं, म्हणून डोळ्यांना काळपटपणा दिसण्याआधीच संशोधकांना त्या कापावरून नासाडी सुरू झाल्याचं कळतं. शेतकऱ्यांकडे यावर साधा उपाय आहे. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी ते वरचं खोड छाटतात आणि मुळं मातीतच ठेवतात. स्टार्च थोडा घटतो, पण नंतर काढलेली मुळं जास्त दिवस पांढरी राहतात. छाटलेल्या खोडाच्या कांड्या करून त्या पुढच्या लागवडीसाठी सावलीत उभ्या ठेवतात.